बाळंतपणाच्या खोलीतल्या खुर्च्या

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. मागच्या गळीत हंगामात, एका सोमवारी, टळटळीत दुपारी, आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात. सणसरच्या पलीकडं आमचं गाव. नर्सबाई हजर होत्या, हातमोजे घालून तयार होत्या. बाळंतपणाची खोली होती, खोलीला दार होतं आणि दाराला कुलूप होतं. आत गावाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या आणि लग्नाकार्यात वाजणारा भलामोठा भोंगा सुखानं पडून होते.

चावी आरोग्य समितीच्या अध्यक्षांकडं, म्हणजे तात्यांकडं. तात्या माळेगावला कुणाच्या तरी सत्काराला गेलेले. फोन लागला तर म्हणाले, "आलोच. हार घालतो अन् निगतो."

वहिनी थांबली असती हो, बाळ थांबेना. भाऊ कुलूप फोडायला दगड घेऊन आला, तर चारजण आडवे आले. "आरं, सरकारी कुलूप हाय, केस हुईल!" कुलूप तात्यांच्याच दुकानातलं होतं. शेवटी नर्सबाईंसकट वहिनीला जीपमध्ये घातलं आणि बारामतीचा रस्ता धरला. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मधे जीप अडकली आणि तिथंच माझा पुतण्या जन्मला. पुढच्या ट्रॅक्टरवर लावणीचं गाणं चालू होतं. पुतण्या ठणठणीत आहे. वहिनीचं रक्त मात्र इतकं गेलं, की ती अजून उठताना भिंत धरते.

खुर्च्या तिथं गेल्या कशा? लोकसहभागातून. थट्टा करत नाही. देवळाचं छत गळतंय, शाळेनं नाही म्हटलं, तेव्हा आरोग्य समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ती बाळंतपणाची खोली तर रिकामीच असती." सगळ्यांनी हात वर केले. समितीत बायकाही आहेत. त्या तेव्हा चहा करत होत्या. आणि मी त्याच सुमारास बारामतीच्या स्टँडवर 'आपलं आरोग्य, आपला सहभाग' अशी पत्रकं वाटत होते. माझं गाव पत्रकाच्या पुढं निघून गेलेलं.

उन्हाळ्यात उपकेंद्राच्या अंगणात आरोग्याची सभा भरली. तालुक्याहून साहेब आले. लोकांनी तक्रारी सांगायच्या म्हणून सभा. पण आधी सत्कार. साहेबांना शाल-नारळ, नर्सबाईंना शाल-नारळ, तात्यांना त्यांच्याच भावाच्या हस्ते शाल-नारळ. आमच्याकडं एकदा माणसाच्या खांद्यावर शाल टाकून टाळ्या वाजवल्या, की त्याला जाब विचारायला कुणाची जीभ उचलत नाही. हे तात्यांना पक्कं ठाऊक. म्हणून तर त्यांनी माइकवरून पुकारलं, "आपल्या गावची तडफदार कन्या!" आणि त्या उकाड्यात माझ्याही अंगावर शाल आली.

मी शाल काढून टेबलावर ठेवली, माइक घेतला आणि विचारलं, "तात्या, त्या सोमवारी चावी कुठं होती?"

"पोरी, सत्काराच्या टायमाला चावी काढतीस व्हय?" तात्या म्हणाले. सभा खदाखदा हसली. साहेबही हसले.

तेवढ्यात मागून वहिनी भिंत धरून उठली, पोरगं कडेवर. "तात्या, चावी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. खोली आज उघडी हाय. तुमी समदी ज्या खुर्च्यांवर बसलाय, त्या तितनंच काढल्यात. तेवढ्या परत आत नेऊ नगा."

हसू थांबलं. पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "मग ठिवायच्या कुठं, बाय?"

"जो ज्या खुर्चीवर बसलाय, त्यानं ती घरला न्यावी."

आबांनी खाली वाकून पाहिलं. "माझीला हात न्हाईत. हातवाली दे, नेतो." आणि खरंच शेजाऱ्याची हातवाली खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली नि निघाले. मग एकेक उठला. गल्लीतनं खुर्च्यांची वरात निघाली. साहेबांची खुर्चीही कुणीतरी नेली. उरलेली सभा त्यांनी उभ्यानं ऐकली आणि प्रथमच लवकर आटोपली. बायकांनी खोली धुतली. भोंगा तात्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवला.

आता तात्यांच्या पुतणीचं लग्न ठरलंय. तात्या दारोदार फिरून खुर्च्या मागतायत. "लगीन झालं की पुन्हा एका जागी ठिवू," म्हणतायत. ती जागा कुठली, हे विचारायची गरज नाही. आणि आमच्या शेजारची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तिचे दिवस भरलेत.

गावकऱ्यांनो, खुर्ची देऊ नका. लग्नाला जाताना घरून घेऊन जा, जेवा, आणि येताना परत घरी आणा. आणि तुम्ही, जे दुसऱ्या गावात बसून हे वाचताय, तुम्ही उठा. आपल्या उपकेंद्रात जा, बाळंतपणाची खोली कुठली ते विचारा, दार उघडायला लावा. आत खाट सोडून जे काही निघेल, ते उचलून बाहेर काढा. आजच.