हिराजीला दिसायला लागलं

बंदरावर नोकरी असली की किस्से शोधायला लागत नाहीत. ओहोटीत लाँच धक्क्याला लागत नाही, मग माणसं तिकीट खिडकीला टेकून बोलत राहतात. साठ सालाच्या आसपास मी मोरा बंदरावर त्या खिडकीत बसायचो. तिथे जमलेल्या किश्श्यांतले बरेच एकट्या हिराजीचे.

हिराजी कोळी जन्मापासून आंधळा. धक्क्यावर बसून जाळी विणायचा. माझी चप्पल वाजली की म्हणायचा, "क्लार्कसाहेब, आज लेट?" मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू जन्माचा आहे, ऑपरेशनने दिसेल.

झालं, खिडकीशी वाद पेटला. शाळेतले मास्तर म्हणाले, "ज्ञान माणसाच्या आतच असतं. पडदा सरला की हा सगळं ओळखेल."

लाँच चालवणारे सारंग इस्माईलभाई म्हणाले, "शिकल्याशिवाय काय येत नाय, मास्तर. डोळ्याला पन शिकायला लागतं."

*

ऑपरेशन करून हिराजी लाँचमधून उतरला तेव्हा धक्क्यावर ही गर्दी. त्याची बायको काशी चार बायकांत उभी. हिराजी सगळ्यांकडे नुसता बघत राहिला.

"आवं, मी हाय ना," काशी म्हणाली.

त्याने डोळे घट्ट मिटले आणि सरळ जाऊन तिचा हात धरला. लोक हसले. काशी हसली नाही.

*

मास्तरांना धीर कुठला! त्यांनी माझ्या टेबलावर एक नारळ आणि एक तांब्या ठेवला. "सांग, नारळ कुठला?"

"हात लावू?"

"नाही. बघून सांग."

हिराजीने खूप वेळ बघितलं. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाद इस्माईलभाई जिंकले होते, पण तेच उठले आणि म्हणाले, "पुरे, मास्तर."

*

पूर्वी हिराजी अख्खा धक्का एकटा चालायचा. आता खांबाची सावली आडवी आली की थबकायचा. त्याला तो खड्डा वाटायचा. एकदा उतरत्या उन्हात सावल्या चुकवत तो रांगत घरी गेला.

काशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "आंधला होता तवा कामाला तरी जायचा."

*

काशीने त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत.

तो लाँचमधून उतरल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"डोलं बरं हायेत," हिराजी म्हणाला. "मीच बरा नाय."

*

नंतर तो घराबाहेर पडेना. मी आणि इस्माईलभाई भेटायला गेलो. त्याची आई आदल्या वर्षीच वारली होती. तिचा एकच फोटो होता, जत्रेत काढून फ्रेम केलेला. त्याला बरं वाटावं म्हणून काशीने तो भिंतीवरून उतरवला.

"बगा, तुमची आय."

हिराजीने फोटो मांडीवर घेतला. बघितलं. मग डोळे मिटून बोटं फिरवली.

"काच हाय," तो म्हणाला. "काढ."

काशीने मागचे खिळे उपसले, काच बाजूला ठेवली. त्याने फोटोच्या गुळगुळीत कागदावर पुन्हा बोटं फिरवली, कपाळावरून, गालावरून, हळूहळू, पार कडेपर्यंत.

"अजून एक काच हाय, काशे," तो म्हणाला. "ती पन काढ."