दारावरचा खडूचा गोल

आमच्या ह्यांना खूण केल्याशिवाय चैन पडत नाही. जन्मभर संरक्षण कारखान्यात तपासणीला होते. माल पास झाला की पेटीवर खडूने गोल. लॉकडाऊनमध्ये आम्ही मराठी बायका पोळ्यांची पाकिटं आणि डाळ करून गोहलपूर मोहल्ल्यात वाटत होतो, तिथेही ह्यांच्या खिशात खडू. ज्याला जेवण दिलं त्याच्या दारावर गोल काढायचे. "एकाच घरी दोनदा जायला नको," म्हणे. मी म्हटलं, "बाप्पा, माणसांची घरं आहेत ही, काहून रंगवून राहिले?" ऐकतील तर ते हे कसले.

एक दिवस जेवण कमी पडलं. शेवटच्या गल्लीत उरलंसुरलं एका शिंप्याला दिलं, त्याच्याकडे लहान पोरं होती. त्या गल्लीत गोल फक्त त्याच्याच दारावर पडला.

दुसऱ्या दिवशी आमची जेवणाची गाडी गल्लीशी आली तर आत आरडाओरड. तेव्हा सरकारी माणसं रोग्यांच्या घरांवर कागद चिकटवत होती. हा गोलही तसलाच समजून गल्लीने ठरवलं, शिंप्याकडे बिमारी आहे. कडी उखडून त्याला बाहेर ओढलं होतं आणि नळापाशी पाडून काठ्यांनी झोडपत होते. "मोहल्ला खाली कर," म्हणत होते. रक्त मोरीत जात होतं. त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. शिंप्याचा हात हो तो.

माझं डोकंच फिरलं. डाळ वाढायची लोखंडी पळी उचलली आणि दिसेल त्याच्या पाठीत घातली. एकाने माझे केस धरले, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. ह्यांच्या कपाळावर वीट बसली. तरी रक्त पुसत हे गल्लीतल्या एकेका दारावर गोल काढत सुटले. "चलो, अब सबको मारो."

ज्याने त्याने आपापल्या दाराकडे पाहिलं आणि काठ्या खाली आल्या.

शिंप्याला आमच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण हात काही सरळ झाला नाही.

पुढे जेवण घेऊन गेलो तेव्हा त्याची बायको ओल्या फडक्याने दार घासत होती. खूण केव्हाच गेली होती, तरी घासत होती. मी पाकीट पुढे केलं. तिने हातही लावला नाही.

"दीदी, भूखे रह लेंगे," ती म्हणाली. "हमारे दरवाज़े मत आना."