सत्काराला वेळ होता

डेटा सायन्सचं शिबिर म्हणजे मंडप आणि जेवणावळ नव्हे, हे आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात कधी शिरणार? अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी दरवर्षी ते भरवते. बाहेरचं कुणीतरी आपली खरी अडचण आणि आकडे घेऊन येतं, चार कॉलेजांची मुलं एकत्र बसून तोडगा काढतात आणि शेवटच्या दिवशी त्याच माणसासमोर मांडतात. ते मांडणंच झालं नाही, तर बाकी सगळा नुसता खर्च.

यंदा अकोल्याचे एक बस अधिकारी आले होते. गावांकडे जाणारी शेवटची गाडी रिकामी का जाते, हा त्यांचा प्रश्न. गटाने तिकिटांचे आकडे उलटसुलट तपासले. गाडी तासभर आधी सोडली तर भरून जाईल, जादा गाडीही लागणार नाही. गटात हिवरखेडची एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, गाडी अंधारात पोचते म्हणून बाबा लहान बहिणीले अकोल्याले शिकाले पाठवत नाई. हे झालं तं तिची ॲडमिशन पक्की."

शेवटच्या दिवशी साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पाचला निघणार, आजच नव्या वेळापत्रकावर सही करायची आहे.

आणि आमच्याकडे सत्कार सुरू झाले. संस्थेचे पदाधिकारी, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे मित्र. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. माझ्या अंगाची नुसती आग होत होती. मी स्टेजवर जाऊन प्राचार्यांना म्हटलं, "सर, आता आवरा."

"पोट्टे उद्या दाखवतीन ना मॅडम. पाहुण्यांचा मान राह्यला पाहिजे."

पाच वाजता साहेब शाल सावरत उठले. मी जिन्यापर्यंत धावले. "रिपोर्ट पाठवा, वाचतो," म्हणाले आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मी अकोल्याला गेले. साहेबांनी आमचं काम शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला. "मॅडम, हे काल कावून नाई सांगितलं? सही करून पाठवलं मी. आता पुढच्या वर्षीच."

मुलीने कागद पिशवीत भरले. तिने घरी फोनही केला नाही.

कॉलेजात प्राचार्य पेपरातला फोटो घेऊनच बसले होते. खुशीत म्हणाले, "मॅडम, शिबिर जोरदार झालं. तुमचाई सत्कार ठेवून राहिलो."

"ठेवा," मी म्हटलं. "पण हिवरखेडले ठेवा. आणि शेवटच्या गाडीनं या."