आखाजीचं इंजेक्शन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. वही काढायची, दोन ओळी लिहायच्या, आणि मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं नाहीतर नळाच्या वॉशरचं काम आठवायचं. आता मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. वॉशर बदलायला दुसरं कोणीतरी येतं, आणि माझ्याजवळच्या सबबी संपल्या आहेत.

आमच्या नात्यात जवळपास सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे, कारण ती मीच त्यांना सांगितली. लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली. माझ्या बायकोचे गुडघे बदलायची वेळ आली तेव्हा माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने तीन महिने आईला सांभाळायला नकार दिला, म्हणून ऑपरेशन चार वर्षं लांबलं आणि ती कायमची अधू झाली, अशी ती गोष्ट. ऐकणारे हळहळायचे. "सख्खा भाऊ असून दगा दिला," म्हणायचे. मी मान हलवायचो.

गोष्ट खोटी आहे. भावाने नकार दिला नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं.

आम्ही मूळचे बागलाणातले, सटाण्याच्या बाजूचे. मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात लागलो आणि नाशिकचा झालो. भाऊ नामपूरला राहिला. कांद्याच्या बाजाराजवळ त्याचं खतांचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा तेराव्याला, जेवणं उरकल्यावर, काकांनी आईचा विषय काढला. दोन मुलगे असले की आई पाळीने राहते, अशी आमच्याकडे रीत. "सहा महिने नाशिक, सहा महिने नामपूर," काका म्हणाले. भाऊ लगेच म्हणाला, "चालंल. पहिली पाळी माझी."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई काय पाटाचं पाणी आहे का, पाळीने फिरवायला? ती माझ्याकडे राहील. कायमची."

पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवण्यात आणि त्यावरून भांडण्यात आयुष्य गेलेली माणसं होती ती. सगळी बैठक हसली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "याला म्हणतात थोरला!" भाऊ हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मलाही आई पाहिजे ना रे."

"भेटायला येत जा की," मी म्हणालो.

आई नाशिकला आली. चार वर्षांनी तिची उजवी बाजू गेली आणि ती खाटेला खिळली. त्या बैठकीतलं वाक्य मी बोललो होतो, निभावत होती माझी बायको. मी सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून कारखान्याची बस पकडून निघून जायचो. आईला उठवणं, न्हाणीपर्यंत नेणं, कुशीवर वळवणं हे तिच्याकडे. आमची एकुलती मुलगी सासरी, तिला दोन लहान पोरं. एक बाई ठेवून पाहिली, पण आईने तिला अंगाला हात लावू दिला नाही. तिला सूनच लागायची.

बायकोचे गुडघे त्याच सुमारास दुखायला लागले. आधी जिने चढताना, मग उठता-बसताना, मग नुसतं उभं राहतानाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. झीज झाली होती, उजव्या गुडघ्यात जास्त.

"पन्नाशीच चालू आहे तुमची," ते तिला म्हणाले. "इतक्या लवकर सांधा बदलायला नको, कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असतं. इंजेक्शन देऊन थोडा काळ काढू. पण दोघंही लक्षात ठेवा, इंजेक्शनने वेळ मिळतो, गुडघा मिळत नाही."

पहिल्या इंजेक्शनने जादू केली. डॉक्टरांनी आधी सुईने सांध्यात साठलेलं पाणी काढलं, मग औषध सोडलं. तिसऱ्या दिवशी ती भाजीबाजारात पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. एका गुडघ्यात वर्षाला तीनपेक्षा जास्त देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने ती तीन इंजेक्शनं सणांना वाटून टाकली. एक संक्रांतीचं, एक आखाजीचं, एक गणपतीचं. अक्षय्य तृतीया आमच्या बागलाणात आखाजी म्हणून मोठी असते. त्या दिवशी तिच्या हातचे मांडे आईलाही लागायचे, आणि नामपूरला डबाही जायचा. "आखाजीचं आठ दिवस आधीच घेऊन टाकू," ती म्हणायची, "चुलीसमोर उभं राहायचंय."

दवाखान्यातला कंपाउंडर थट्टेखोर होता. "काय वहिनी, सर्व्हिसिंगला आलात?"

"आले बाबा. गाडी खिळखिळी झाली तरी मालक सोडत नाही," ती माझ्याकडे बघून म्हणायची. आम्ही तिघंही हसायचो.

पहिलं इंजेक्शन चार महिने पुरलं होतं. पुढच्या वर्षी दोन महिने पुरायला लागलं. सत्त्याण्णव साल असावं, तेव्हा आखाजीचं इंजेक्शन घेऊनही तिला सणाच्या दिवशी स्टुलावर बसून मांडे करावे लागले. तिचे पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागले होते. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

"हाडाला हाड लागलंय. आता इंजेक्शन देत राहणं म्हणजे तुमची फसवणूक करणं. ऑपरेशन करा. दोन्ही गुडघे धरून तीन महिने तरी यांनी कोणालाही उचलायचं नाही. सासूबाईंचं बघायला घरात दुसरं कोणी आहे?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "भाऊजी आहेत ना नामपूरला. ते नाही म्हणायचे नाहीत."

ती इतक्या विश्वासाने म्हणाली, ते मला आजही ऐकू येतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी बसमधून द्वारकेला उतरलो आणि एसटीडी बूथमध्ये शिरलो. भावाच्या दुकानाचा नंबर फिरवला. त्यानेच उचलला.

"दादा! आई बरी ना?"

"बरी आहे."

"आणि वहिनीचे गुडघे?"

माझ्यासमोर ती तेराव्याची बैठक उभी राहिली. हसलेली माणसं, काकांची थाप. आता मी आईला न्यायला सांगितलं असतं, तर आठ दिवसांत अख्ख्या बागलाणात झालं असतं की थोरल्याने शेवटी पाळी लावलीच.

"ठीक आहेत. इंजेक्शन चालू आहे," मी म्हणालो.

"काही लागलं तर सांग बरं का. लाजू नको."

"सांगतो," म्हणून मी फोन ठेवला.

घरी आलो तेव्हा बायको आईची चादर बदलत होती. "केलात फोन?"

"केला."

"मग?"

"जमणार नाही म्हणाला. दुकानाचा सीझन आहे."

तिचा हात थांबला. "भाऊजी असं म्हणाले?"

"हो."

"पुन्हा एकदा विचारा ना. मी बोलू का?"

"नको. एकदा नाही म्हटल्यावर आपण कशाला तोंड वेंगाडायचं?"

तिने चादरीची चारही टोकं नीट खोचली आणि आईला कुशीवर वळवलं. वळवताना तिच्या गुडघ्यातून झालेला आवाज मला दारात ऐकू आला. त्या दिवसापासून ती 'भाऊजी' म्हणेनाशी झाली. 'तुमचा भाऊ' म्हणायची. नामपूरला जाणारा मांड्यांचा डबा बंद झाला.

कारखान्यात माझं काम मोजमापाचं होतं. केसाएवढा फरक असला तरी मी भाग परत पाठवायचो, आणि त्याबद्दल माझं नाव होतं. घरात मी हे केलं. आणि एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. खोटं माझं होतं, पण भावाचा राग मला खरोखरचा यायचा. तो आईला भेटायला यायचा, तिच्या उशाशी बसून तिला बारीक घास करून भरवायचा. बायको त्याच्यापुढे चहा ठेवून न बोलता आत जायची. मी त्याच्याकडे बघत मनात म्हणायचो, एवढा पुळका आहे तर नेलं का नाहीस? त्याने मला फसवलं असंच मला वाटायचं. चार ठिकाणी तीच गोष्ट सांगून सांगून माझाच तिच्यावर विश्वास बसला होता.

डॉक्टरांना मी म्हणालो, आई आहे तोवर इंजेक्शनवरच निभवा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्यांना विचारलंत?"

"तिची तयारी आहे," मी म्हणालो. तिची तयारी नव्हती. तिला दुसरा रस्ता मी ठेवला नव्हता.

आणखी चार वर्षं गेली. शेवटी शेवटी इंजेक्शन पंधरा दिवससुद्धा टिकायचं नाही. ती भिंतीला धरून आईपर्यंत जायची आणि खाटेच्या कडेवर बसून सगळं करायची. दोन हजार एकमध्ये आई गेली आणि त्याच दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. सर्जन चांगले होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गुडघे फार दिवस वाकलेले राहिले, मांडीचे स्नायू गेले आहेत, दुखणं थांबेल पण पाय पूर्ण सरळ होणार नाहीत, काठी लागेल. "तीन-चार वर्षं आधी यायला हवं होतं," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी भाऊ दवाखान्यात आला. डाळिंबाची पिशवी त्याने खाटेखाली ठेवली. "वहिनी, कसं वाटतंय?"

बायकोने मान त्याच्याकडे वळवली. चार वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "आता आलात? डाळिंबं घेऊन? तेव्हा तीन महिने आईंना नेलं असतंत तर ही वेळ आली नसती. तुमची आई होती ती. मी परक्याची मुलगी, मी केलं. तुम्हाला दुकान सुटलं नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहत होतो. बाटलीतून थेंब पडत होते, ते मी मोजायला लागलो. तो एक शब्द बोलला असता तर मी तिथेच उघडा पडलो असतो. तो खाली वाकला, तिच्या पायांपाशी चादरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकलं, वहिनी."

मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो. तिथे त्याने विचारलं, "दादा, तू मला कधी विचारलं होतं?"

"आता तो विषय नको. तिची तब्येत बघतोयस ना."

"बरं," तो म्हणाला. रिक्षात बसताना त्याने डोळे पुसले. पुन्हा त्याने हा विषय कधी काढला नाही. आमच्या घरी येणं मात्र थांबवलं. मी लोकांना सांगितलं, बघा, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून येत नाही.

पाच-सहा वर्षांनी तो हृदयविकाराने गेला. अंत्यविधीला मी एकटा गेलो. दहाव्याला बायको काठी टेकत आली, रीत म्हणून. बायका आत बसल्या होत्या. परतीच्या जीपने सटाणा गाठलं. तेव्हा बायको समोर बघत म्हणाली, "मी तुमच्या भावजयीला म्हटलं, झालं गेलं विसरू या, तेव्हा तुम्ही आईंना नेलं नाहीत याचा राग मी सोडलाय. तर ती माझ्या तोंडाकडेच बघायला लागली. 'ताई, आमले कोनी इचारंच नही,' म्हणाली. त्यांच्या मागच्या खोलीत आईंसाठी खाट घालून ठेवली होती म्हणे. मामंजी गेले त्या वर्षापासून."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"खरं का?" तिने विचारलं.

"हो."

"गुडघ्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "गुडघे माझे होते, गेले. पण मी त्या माणसाला काय काय बोलले हो. आणि तुम्ही तिथे उभे होतात."

पुढचे बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढायची, औषधाची वेळ सांगायची. मी एकदा "माझं चुकलं" म्हणायला गेलो, तर तिने हात वर करून थांबवलं. "मला नका सांगू. ज्याला सांगायचं त्याला कधी सांगितलंत?"

मग मी तिला नामपूरचं सांगितलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी, सटाण्याला काम आहे असं तिला सांगून मी तिथे गेलो होतो. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. मी तुला विचारलं नाही, तुझ्यावर ढकललं, तू माझी लाज राखलीस, मला माफ कर. एवढंच होतं. दुकानात पोचलो तर भाऊ गिऱ्हाइकाशी युरियावरून वाद घालत होता. मला बघून उठला, पोत्यावर गोणपाट टाकून बसायला जागा केली, चहा सांगितला. कांद्याचं बोललो, पावसाचं बोललो, मधुमेहाचं बोललो. तो दर थोड्या वेळाने बोलणं थांबवून माझ्याकडे बघायचा, मला जागा करून द्यायचा. मी पुन्हा कांद्यावर यायचो. दोन तास तसेच गेले.

तो मला स्टँडवर सोडायला आला. मी खिडकीशी बसलो. गाडी सुरू झाली तेव्हा त्याने पत्र्यावर हात मारला आणि खिडकीशी येऊन विचारलं, "दादा, काही सांगायला आला होता का?"

"नाही रे," मी म्हणालो. "सहज आलो होतो."