रविवारची नळी

लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा मी नळीचोर होते. मटणाचं पातेलं उतरलं की सगळ्यांत मोठी नळी माझ्या वाटीत, वाटी पदराआड. पण अक्कल एवढी, की चोरून खायचं आणि आतला गर निघावा म्हणून नळी ताटावर ठणाठणा आपटायची. सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "मांजर शिरलं व्हय गं? ताट वाजवतंय!"

नातीसाठी मात्र मी नळीवरचा हक्क सोडला. पोर काटकुळी, पोट तेवढं घागरीएवढं. पाय दुखतात म्हणून रडायची. मी बोटावर गर घेऊन तिला चाटवायचे. हाडाला हाडातलंच लागतं, ही माझी डॉक्टरकी. पोटाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "खात्यापित्या घरची हाय!"

पुण्यात तिच्या कमरेच्या हाडातून सुईनं तसलाच गर काढला, तेव्हा तिचे पाय मी धरले होते. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्यातल्या पेशी दाखवल्या. फुगलेल्या, आणि आत नुसत्या चुण्या, बोळा करून कोंबलेल्या लुगड्यासारख्या.

"आजी, मेलेल्या पेशी खाऊन पचवायच्या, हे ह्यांचं काम. पण त्यातली एक चरबी पचवणारं द्रव्यच हिच्यात नीट बनत नाही. ती आत साचत जाते."

"म्हंजी पंगत जेवली, पण उठंना."

"अगदी तसंच. मग नवं रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. पोटातली प्लीहासुद्धा ह्यांनीच फुगलीय." मग त्यांनी विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?"

मीच फुशारकीनं पुढं झाले. "व्हय तर! सून माझ्या भावाचीच लेक, राहू गावची. बाहेरचं कुणी न्हाईच."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, दोष आईकडून एक आणि बापाकडून एक, असा आलाय; त्या दोघांना स्वतःला त्याचा त्रास नसतो. सून फरशीकडं बघत राहिली.

"मग माझ्या हाडातलं काढून घाला की तिला. जन्मभर नळ्या खाल्ल्यात, भरपूर असंल."

मुलगा हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. साचणं मेंदूपर्यंत पोचलं होतं, आणि तिथं कुठलंच औषध पोचत नव्हतं.

पुढं पोर गिळायचंच विसरली. बोटावरचा गर ओठांतून परत यायचा. ऊस तोडणीला आला तेव्हा ती गेली.

घरात बरेच महिने मटण शिजलं नाही. गेल्या रविवारी शिजलं. सुनेनं नळी माझ्या ताटात घातली. मी सवयीनं आपटली, गर बोटावर आला, आणि बोट आपसूक डावीकडं गेलं, नातीच्या पाटाकडं.

मुलाचा घास हातातच राहिला. मला बोट मागं घेता येईना.

सुनेनं पळी खाली ठेवली, त्या पाटावर येऊन बसली. "आत्या, द्या इकडं," म्हणाली, आणि माझ्या बोटावरचा गर तिनं खाल्ला. बोट मात्र बराच वेळ सोडलं नाही.