सुटकेचे पेढे

खराडीच्या एका आयटी पार्कच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कंपनीच्या बसमधून आम्ही एका चालकाला उतरवलं, ती दुपार आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. खबऱ्याने पक्की बातमी दिली होती: शिक्षा झालेला फरार आरोपी इथे बस चालवतो.

माणूस हिंजवडीकडचा. तिकडे जमिनींना सोन्याचा भाव आला तसे बांधावरून भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसू लागले. अशाच मारामारीत त्याला वर्षाची कैद झाली होती. अपील करता यावं म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांनी महिनाभर शिक्षा स्थगित करून त्याला जामीन दिला. महिना उलटला, अपील आलंच नाही आणि अटकेचं वॉरंट माझ्या टेबलावर आलं. मी तिकडच्या पोलीस ठाण्यात नुकताच बदलून आलो होतो.

चौकशीला बसवलं. "इतके दिवस कुठं लपला होतास?"

"लपलो न्हाई साहेब. नोकरी हितं लागली. सहाला पाळी सुटंल, बस कोन नेनार?"

फरारी माणसाचं लक्ष दाराकडे असतं. याचं भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. मला शंका आली.

"वर्षाची शिक्षा झालीय, ठाऊक आहे ना?"

"झालती. पन कोर्टानं सोडलं की! घरी जा म्हनले."

निरोप मिळताच ठाण्यात आलेली त्याची बायको दारातच रडू लागली. आमचे जुने हवालदार फाईल ठेवायला आत आले, त्याला पाहून थबकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, सुटलो म्हणून याने इथे पेढे वाटले होते. मीच दोन खाल्ले."

महिन्याच्या जामिनालाच तो सुटका समजला होता. शिक्षा झालेला माणूस खुद्द पोलीस ठाण्यात पेढे वाटून गेला, आणि अपील केलंस का, हे एकानेही विचारलं नव्हतं! आता वरच्या कोर्टाने एक शब्दही न ऐकता तो वर्षभर आत जाणार होता.

वॉरंट बजावणं मला भाग होतं. तो येरवड्याला गेला. त्याला नेण्याआधी मी त्याच्या बायकोला समजावलं, "ताई, मुदत गेली तरी सगळं संपलेलं नाही. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट विलंब माफ करतं. तुरुंगातूनही अपील करता येतं, वकील सरकार देतं."

"आन न्हाई पटलं तर?"

"आधी अर्ज तर करू," मी म्हणालो.

विलंबमाफीच्या अर्जाला हवालदारांनी पेढ्यांची हकिकत सांगणारं आपलं प्रतिज्ञापत्र जोडलं. आरोपीच्या बाजूने पोलीस! आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणाले, कायदा माहीत नव्हता हे कारण चालणार नाही. न्यायाधीशांनी हवालदारांचं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं. एवढी धाकधूक मला माझ्या बढतीच्या वेळीही झाली नव्हती. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पेढे पोलीस ठाण्यात वाटले?" हवालदार मान खाली घालून "होय" म्हणाले. विलंब माफ झाला, जामीनही मिळाला.

पुढे अपिलात तो निर्दोष ठरला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आला. हवालदारांनी हात मागे घेतला. "आधी निकालाची प्रत दाखवा. आणि फिर्यादी वरच्या कोर्टात गेलेला नाही ना?"

तेव्हापासून कोर्टातून कोणी हसत बाहेर पडताना दिसला की मी त्याला थांबवून विचारायचो, "सुटलास, की नुसता घरी चाललायस?" बहुतेक जण वकिलाला विचारायला परत आत जात.