घडीवर पुसलेली गाडीवाट

मला फसवलं माझ्या शेजारच्या बागाईतदाराने, आणि त्याला हात दिला आमच्या गावच्या तलाठ्याने. फसवलं ते एका गाडीवाटेपायी. माझ्या पेरूच्या बागेतून निघून शेजाऱ्याच्या शेताच्या कडेने ती सडकेला मिळत होती. एक बैलगाडी जाईल एवढी रुंद, त्याहून वीतभर जास्त नाही. लोक मला म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांना सोडणं सोपं असतं.

मी नाशिकच्या भाजीबाजारात दुसऱ्यांच्या पाट्या उचलून वर आलेला माणूस आहे. वाडवडिलांची वीतभर जमीन नव्हती. आधी डोक्यावर ओझं, मग एक गाडा, मग स्वतःची अडत. अक्षरओळख बाजारातच झाली आणि भाव पाडायची विद्याही तिथेच मिळाली. सन एकोणीसशे तीसनंतर शेतमालाला कोणी विचारेना, तेव्हा ज्यांच्याकडे जमिनी होत्या ते विकायला निघाले आणि माझ्यासारखे घ्यायला निघाले. सायखेड्याच्या वरच्या अंगाला, गोदेच्या काठी असलेल्या एका गावात एक म्हातारा बागवान आपली पेरूची बाग विकणार असल्याचं कानावर आलं. त्याला मुलगा नव्हता. मुलगी मालेगावी दिलेली, तिच्याकडे जाऊन राहायचा त्याचा विचार होता.

बाग चांगली होती, पण आतली. मागे नदी, एका बाजूला खोल ओढा आणि समोर एका बड्या बागाईतदाराचं शेत. सगळा गाव त्याला आबा म्हणायचा. सडकेवर यायचं तर आबांच्या शेताच्या कडेने जाणारी ती वाट, एवढीच. पेरू हा नाजूक माल. गाडी बागेत गेली नाही तर त्याची माती होते.

जमीन घेण्याआधी मी एक काम केलं, जे त्या गावात कोणी केलं नसेल. मी चावडीवर जाऊन गावचा नकाशा पाहायला मागितला. हा नकाशा सरकारचा असला तरी कोणालाही पाहता येतो. त्यात प्रत्येक शेताचा नंबर असतो, ओढे असतात, विहिरी, देवळं, मसणवटा, सगळं असतं. पण बघायला कोणी येत नाही. ज्याला त्याला वाटतं, आपला बांध आपल्याला ठाऊक आहे.

तलाठ्यांनी दप्तराचा रुमाल सोडला आणि चपटी घडी बाहेर काढली. नकाशा कापडाला चिकटवलेला होता. तो गुंडाळून ठेवायला पत्र्याची नळी मिळालेली असते. ती कुठे आहे, असं मी विचारलं. नळी घरी असून तिच्यात मंडळींनी शेवया भरल्या आहेत, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांच्याकडे तीन गावं होती. तट्टावरून फिरताना नळी आडवी येते, म्हणून ते नकाशाची घडी घालून रुमालात बांधायचे आणि रुमाल खोगिरावर टाकून त्यावर बसायचे. घडी नेहमी त्याच रेघांवर पडत होती, आणि त्या रेघांवरची शाई उडत चालली होती.

“रावसाहेब, असंच चाललं तर याला भोकं पडतील,” मी म्हणालो.

“पडू देत की,” ते म्हणाले. “गाव कुठं पळून चाललंय?”

मी नकाशा दारात नेऊन उजेडासमोर धरला. मधल्या घडीवरच, पण स्पष्ट दिसावी अशी, तुटक रेघांची जोडी होती. बागवानाच्या नंबरापासून सडकेपर्यंत. म्हणजे ही वाट आबांच्या मेहेरबानीवर चालत नव्हती, ती सरकारी कागदावर होती. मी नकाशा परत दिला आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही.

सौदा चावडीवरच झाला. आबा साक्षीला बसले होते. बागवानाने किंमत सांगितली. मी म्हणालो की या जमिनीला वाट कुठे आहे? आबांच्या शेतातून जाता, ती त्यांची भलाई. उद्या त्यांनी काटे लावले तर तुम्ही पेरू काय डोक्यावर वाहणार? म्हातारा गोंधळला. त्याला वाचता येत नव्हतं. आपल्या आजोबांपासून गाड्या तिथूनच जातात एवढंच तो परत परत सांगत राहिला. शेवटी तो म्हणाला, “बेटा, मग आबा बसलेत तर वाटेच्या दोन वळी लिहूनच घेऊ ना. तुलाच काम येतील.”

मी त्या ओळी लिहू दिल्या नाहीत. वाट आहे असं लिहिलं असतं तर किंमत वर गेली असती. उलट, किंमत एवढी उतरली याला कारण दिसावं म्हणून मीच खरेदीखतात लिहवून घेतलं की या मिळकतीस गाडीरस्त्याचा हक्क नाही. मनात म्हटलं, लिहिलं काय आणि न लिहिलं काय, नकाशात आहेच. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.  आबांनी सही केली, पान खाल्लं आणि उठले.

चार वर्षं सुखाची गेली. सौदे माझे, माती थोरल्या भावाची. मी त्याला दादा म्हणायचो. तो बागेतच खोपट करून राहिला. त्याला माणसांशी बोलणं कमी जमायचं, झाडांशी जास्त. माझ्यासारखी घासाघीस त्याला यायची नाही. कोणी बागेत आलं तर ओंजळभर पेरू देऊन पाठवायचा आणि मग माझ्या शिव्या खायचा. बागवानाच्या वेळी यायचा त्याच्या दीडपट माल त्याने काढून दाखवला. बागेवर आबांची नजर गेली ती तेव्हाच. दोनदा त्यांनी विकणार का म्हणून विचारलं. मी दोन्ही वेळा हसून उडवून लावलं.

मग नकाशा फाटला. घडीवर त्याचे अक्षरशः तुकडे झाले. नवी प्रत काढायला एक कारकून गावात आला आणि आबांच्या घरी उतरला. या कामाची आमच्याकडची रीत अशी की जिथली शाई गेलेली असेल तिथे काय होतं हे गावच्या पंचांना विचारायचं आणि ते सांगतील तसं काढायचं. खरं तर मूळ नकाशा नाशकाला जपून ठेवलेला असतो. तो मागवून ताडून पाहायला हवा. पण त्याला पत्र लिहा, वाट बघा. पंच काय, समोरच बसलेले असतात. पंचांत आबा होते. दिवस नेमला तो नाशिकच्या बाजाराचा, म्हणजे मी गावात नसण्याचा. दादा बागेत होता, हाकेच्या अंतरावर. त्याला कोणी हाक मारली नाही.

घडीवर मारुतीचं देऊळ गेलं होतं, ते पंचांना आठवलं. ओढ्याचं वळण आठवलं. पडकी विहीरसुद्धा आठवली, जिच्यात माझ्या वेळी पाणी सोडा, बेडूकही नव्हता. वाट तेवढी कोणाला आठवली नाही. तलाठी शेजारीच बसले होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच हातून नकाशा घेऊन मी ती वाट पाहिली होती. त्यांनी खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात आबांनी वाट नांगरली आणि तोंडाशी बाभळीचे काटे लावले. मी धावत गेलो, नको ते बोललो, त्यांच्या गड्याच्या अंगावरही गेलो. आबा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “आरडतो कशाला? चावडीवर जा, नकाशा बघ. तुलाच लय नाद हाय ना नकाशे बघायचा.”

चार वर्षांपूर्वी चावडीच्या दारात मी नकाशा धरून उभा असताना त्यांनी मला पाहिलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

मी मामलेदारांकडे अर्ज केला. नाशकाला जाऊन मूळ नकाशाची नक्कल काढली. तो कधी घडी न पडलेला कागद होता, त्यावर तुटक रेघांची जोडी काल काढल्यासारखी होती. ती नक्कल हातात आल्यावर मला वाटलं, जिंकलो. मामलेदारांनी ती नीट पाहिली. मग आबांच्या वकिलाने माझंच खरेदीखत पुढे केलं.

“हा मजकूर तुम्हीच लिहवून घेतलात?” मामलेदारांनी विचारलं.

“हो.”

“मग खोटं काय? नकाशा की हे?”

सौद्यात माणूस वाटेल ते बोलतो, हे मी त्यांना सांगितलं. वकील हसला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि मला बाहेर उभं राहायला सांगण्यात आलं. अर्ज निकाली निघाला. नकाशा जुना, खरेदीखत नवं आणि त्यावर माझी सही. वर दाद मागायची होती ती मागितली. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि दादा बांधावरून एकेक पाटी डोक्यावर नेत राहिला. बांध माणसापुरता रुंद. पावसात पाय घसरला की पाटी आबांच्या शेतात जायची, आणि तिथला माल उचलायलाही आबांच्या गड्यांची परवानगी लागायची.

श्रावणात दादाला ताप भरला. चौथ्या दिवशी पहाटे त्याला श्वास घेववेना. वैद्यांनी नाशकाला न्यायला सांगितलं. मी आबांकडे गेलो. आयुष्यात तेवढा एकदा मी कोणापुढे हात जोडले. आबा स्वतः आले आणि गड्यांना म्हणाले, “काढा रे काटे. आजारी माणसाला कोण अडवतं?”

काटे निघाले. पण खालची वाट राहिली नव्हती. दोन वेळा नांगरलेली काळी माती, वर आठवडाभराचा पाऊस. गाडी शे-सव्वाशे पावलं गेली आणि आसापर्यंत रुतली. बैलांनी गुडघे टेकले. आबांचे गडीही चाकाला लागले, हे मी नाकारत नाही. शेवटी दादाला खाटेवर घेतलं आणि बांधावरून नेलं. दोन माणसं पुढे, दोन मागे, एकामागे एक, पाय चाचपत. सडकेवर यायला दुपार झाली. टांग्यात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाशिकच्या नाक्याच्या अलीकडे तो गेला. लोक म्हणाले, वेळेवर पोचला असता तरी वाचला नसता. असेल. ते मला कळायला वेळेवर पोचायला हवं होतं.

त्यानंतर मला त्या बागेत पाऊल टाकवेना. वाट नसलेली जमीन दुसरं कोण घेणार? आबांनीच घेतली, मी बागवानाला दिलं त्याहूनही कमीत. खरेदीखतावर त्यांचा तोच वकील होता. पुढच्या हंगामात आबांच्या गाड्या पेरू भरून निघाल्या. कुठून निघाल्या? माझ्याच वाटेने. मुरूम टाकून त्यांनी ती पक्की करून घेतली होती.

आबा आता नाहीत. तलाठी आहेत. पेन्शन घेऊन नाशकातच राहतात, समोरून आले तर मला नमस्कार करतात. बागवानाशी मी जे वागलो त्याचा जाब मला विचारायचा तर त्याच्या मुलीने मालेगावहून यावं. मी मान खाली घालून उभा राहीन. पण त्या दिवशी चावडीवर देऊळ आठवलं, ओढा आठवला, कोरडी विहीर आठवली, आणि वाटेच्या जागी कोरं कापड राहिलं, त्याखाली सही कोणाची आहे? तलाठीसाहेब, नमस्कार नको मला. तुम्ही त्या गावच्या चावडीवर चला, चार माणसांसमोर उभे राहा आणि सांगा, तुम्ही विसरला होतात की गप्प बसला होतात.